गॅरेजच्या छताला टांगलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना टेनिस बॉल आहे आणि टेनिस मी जन्मात एकदाही खेळलेलो नाही. गेलं जवळजवळ वर्षभर मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी, एका गॅरेजच्या छताला दोरीने लटकत होतो. हसू नका, इकडे तशी पद्धतच आहे. गाडी आत घेताना समोरच्या काचेला चेंडू टेकला की ब्रेक दाबायचा, म्हणजे गाडी भिंतीवर आदळत नाही. एवढ्यासाठी माझ्या पोटातून आरपार भोक पाडलं गेलं. पण ते पुढे सांगतो. त्याहून मोठा धक्का मला अजून बसायचा होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबराच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्या, आत हवा कोंडली, वरून पिवळी लव चढवली आणि मला दोन भावांबरोबर एका उभ्या डब्यात घातलं. डबा उघडला तेव्हा फस्सकन असा आवाज झाला की आम्ही तिघेही दचकलो. डबा उघडणारी राधिका होती. सोसायटीच्या कोर्टावर टेनिस शिकायचं तिने ठरवलं होतं. तो उत्साह एका शनिवारपुरता टिकला आणि त्या दिवशीही माझी पाळी आलीच नाही. मग एका भावाला शेजारचा कुत्रा घेऊन गेला. दुसऱ्याला चीर देऊन शेजारच्या आजींच्या वॉकरच्या पायात बसवलं, म्हणजे फरशीवर ओरखडे उठत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत ते झालं. मी घाबरून सोफ्याखाली गेलो तो महिनोन् महिने तिथेच राहिलो.

मला तिथून बाहेर काढलं ते मनोहर आजोबांनी. राधिकाचे हे सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. हिवाळा होता, बाहेर लवकर अंधार पडायचा आणि त्यांची नात केया घरात कंटाळलेली असायची. केया अकरा वर्षांची, चणीने अगदी लहानखुरी, आणि फुटबॉलचं भयंकर वेड. पण घरात फुटबॉल खेळायला राधिकाची सक्त मनाई होती, कारण एक फुलदाणी आणि एक टीव्ही आधीच कामी आले होते. आजोबांनी चष्मा शोधता शोधता सोफ्याखाली हात घातला आणि त्यांच्या हाती मी लागलो.

"हा घे," ते केयाला म्हणाले. "ह्यानं काय फुटत न्हाई. आम्ही लहानपणी असल्याच बारक्या बॉलवर शिकलो. बॉल आला की त्याला घरात घ्यायचा, बाळ. दारातनंच हाकलायचा न्हाई."

पहिले काही दिवस मी तिच्या बुटावरून सारखा सटकत होतो. मग हळूहळू तिचं पाऊल बदललं. मी वरून पडायला लागलो की तिचं पाऊल किंचित मागे यायचं आणि मला झेलायचं. मला जराही लागायचं नाही. मी पायावर बसलो आहे हे मला नंतर कळायचं, इतकं ते मऊ. ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून जेवणाच्या टेबलापर्यंत, खुर्च्यांच्या पायांतून ती मला घेऊन जायची आणि मी तिच्यापासून वीतभरही लांब जात नसे. खरं सांगतो, तेवढं सुख मला कधी मिळालं नाही. राधिका पोळ्या लाटता लाटता बघायची आणि म्हणायची, "अगं, पाय आहे की हात?" केयाचा बाबा अनीश आयटीत होता. तो त्या वेळी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचा.

अनीशला फुटबॉल आवडत नव्हता असं मात्र नाही. अमेरिकेत येण्याआधी तो सहा वर्षं मेलबर्नला होता आणि ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कट्टर भक्त झाला होता. ऑस्ट्रेलियाचा संघ आशियातल्या देशांच्या स्पर्धेत खेळतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. एका सकाळी टीव्हीवर ऑस्ट्रेलिया आणि जपानची मॅच लागली होती. आजोबा आणि अनीश, दोघे बाप-लेक पोह्यांच्या बश्या घेऊन बसले होते. टेबलाखाली केयाच्या पायात मी होतो.

"अण्णा, बघा ती बॉडी!" अनीश आजोबांना म्हणाला. "जपानचा डिफेंडर त्याच्या खांद्याला येतोय. अशी साइझ असेल तर स्किलचं काय घेऊन बसलात?"

"साइझ आहे खरी. पण बॉल कुणाकडं हाय?" आजोबा म्हणाले.

"तुम्ही असं म्हणताय? कोल्हापुरात तुमचा संघ तर तालमीचा होता. जोर-बैठका मारून ग्राउंडवर उतरायचात तुम्ही."

"म्हणून तर सांगतो. अंगानं आडवा येणारा गडी मीच होतो. मी आडवा यायचो, पोरं माझ्या बगलेतनं निघून जायची, आणि मी तिथंच आडवा!"

केया एवढी हसली की तिच्या नाकात पोहे गेले. अनीशही हसला, पण त्याचं मत काही बदललं नाही. "आपली हाडंच बारीक, अण्णा. तेच आपल्याला नडतं," असं म्हणून तो पुन्हा टीव्हीकडे वळला. टेबलाखाली त्याची मुलगी मला एका पावलावरून दुसऱ्या पावलावर घेत होती, न बघता. त्याने वाकून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आजोबा कोल्हापूरला परत गेले. उन्हाळ्यात केया फुटबॉलच्या शिबिराला गेली आणि मी तिच्या बॅगेच्या जाळीच्या कप्प्यात बसून तिच्याबरोबर गेलो. तिथे ब्रेट नावाचा नवा कोच आला होता. कपाटासारखा आडमाप माणूस. शेवटच्या दिवशी तीन धिप्पाड मुलींनी केयाला कोपऱ्यात गाठलं आणि ती त्यांच्यातून बॉल घेऊन अशी निघाली की तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ब्रेटने शिट्टी वाजवायची ती वाजवलीच नाही. नंतर केयाला न्यायला आलेल्या अनीशला तो म्हणाला, "पुढच्या वसंतात माझ्या पहिल्या संघाची निवड आहे. हिला नक्की आण. पुढचं वर्ष हिच्यासाठी महत्त्वाचं आहे."

केयाला आभाळ ठेंगणं झालं. ब्रेटच्या संघात खेळायचं, यापलीकडे तिला दुसरं काही सुचेना. आणि घरी जाताना अनीशने गाडीतच विचारलं, "हा ब्रेट मूळचा कुठला गं?"

"ऑस्ट्रेलियाचा," केया म्हणाली.

इथे, मित्रांनो, सगळा घोटाळा झाला. अनीश पुण्यात शिकलेला. पेपर कोण काढणार आहे ते आधी शोधायचं आणि त्या सरांना काय आवडतं तेवढंच घोटायचं, या एका युक्तीवर तो सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झाला होता. आता पेपर काढणारा ऑस्ट्रेलियन निघाला. त्याला काय आवडणार हे अनीशने न विचारताच ठरवून टाकलं.

आठवड्याभरात गॅरेजमध्ये वजनं आली, रबरी पट्टे आले, दोरी बांधून ओढायची लोखंडी गाडी आली. गॅरेज इतकं भरलं की अनीशची गाडी जेमतेम मावायची. म्हणून एका रविवारी त्याने मला बॅगेतून काढलं, भिंतीशी दाबून धरलं आणि ड्रिल मशीन सुरू केलं. मी ओरडू शकत असतो तर सगळी कॅरी जागी झाली असती. माझ्या आत जन्मापासून कोंडलेली हवा एका क्षणात निघून गेली. मला छताला टांगून अनीश म्हणाला, "परफेक्ट!"

केया धावत आली. "बाबा! दॅट्स माय बॉल!"

"अगं, दुसरा आणू की. टार्गेटच्या दुकानात तीन डॉलरला तीन मिळतात. आणि आता त्या बारक्या बॉलशी खेळायचे दिवस गेले. वी नीड स्ट्रेंग्थ."

दुसरा कधी आणला नाही. ती मागायचीही विसरली, कारण तिला वेळच नव्हता. रोज संध्याकाळी ती माझ्याखाली घामाघूम होत होती. अनीश उशी धरून उभा राहायचा आणि ती खांद्याने त्या उशीला धडका द्यायची. सकाळी अंडी, संध्याकाळी प्रोटीन शेक. राधिका एकदा दारात येऊन म्हणाली, "अनीश, ही कुस्तीला चाललीये का फुटबॉलला?" तो म्हणाला, "ब्रेटला असंच लागतं यार, मी पाहिलंय तिकडे." तो मनापासून करत होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. ऑफिसचं काम टाकून तो तिच्याबरोबर जोर मारायचा, ती दमली की तिच्या पायाला तेल चोळायचा. वाईट बाप असता तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

आणि केया खरंच दणकट झाली. तिचे खांदे भरले. गॅरेजच्या दारावर ती मोठा बॉल मारायची तेव्हा मी दोरीवर गदगदा हलायचो. एकदा दाराला चांगला पोचा पडला, तर अनीशने रागवायच्या ऐवजी त्याचा फोटो काढला. मी मात्र वरून तिचं पाऊल बघत होतो. बॉल परत आला की ते पाऊल आता मागे येत नव्हतं. ते फळीसारखं ताठ उभं राहायचं आणि बॉल त्याच्यावर आपटून लांब जायचा. मग ती धावून, खांदा घालून त्याला गाठायची. मी जीव तोडून सांगितलं असतं, पण टांगलेल्या चेंडूला विचारतो कोण?

निवडीच्या दिवशी संध्याकाळी गाडी आत आली आणि काच मला टेकली. दोघंही खुशीत होती.

"डिड यू सी, बाबा? ती नंबर नाइन माझ्यावर आदळली आणि तीच पडली!"

"पाहिलं! एकही टक्कर हरली नाहीस तू. ब्रेट सारखा तुझ्याकडेच बघत होता."

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर फोन वाजला. ब्रेटचाच होता. केयाने तोंडावर हात दाबला. गाडीच्या काचा खाली होत्या, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. तो इंग्रजीत बोलत होता, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"अनीश, केयाने आज खूप मेहनत घेतली. पण या वर्षी मी तिला घेऊ शकत नाही."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. अनीशलाही तसंच वाटलं असावं.

"पण... तिथे सगळ्यांत स्ट्राँग तीच होती," तो म्हणाला.

"होती ना. पण तशा मुली माझ्याकडे दहा आहेत. मी स्वतः तसाच होतो. ऑस्ट्रेलियात आम्ही उंची आणि ताकदीवरच वाढलो. मग आशियातल्या संघांशी खेळायला लागलो. ती हलकी पोरं सगळा वेळ बॉल स्वतःकडे ठेवायची आणि आम्ही बैलासारखे मागे धावायचो. तेव्हापासून मी असं एखादं पोर शोधत असतो, जे अडचणीतून बॉल घेऊन निघेल. गेल्या उन्हाळ्यात मला एक दिसली होती. आज मी तिचीच वाट बघत होतो. असिस्टंटला दोनदा विचारलं, ही तीच केया आहे ना?"

अनीश म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला ताकद हवी आहे."

"ताकद हवीच. ती मी तिला दोन वर्षांत दिली असती," ब्रेट म्हणाला. "ते दुसरं मला देता येत नाही."

फोन बंद झाला. अनीशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मी वर्षभर त्याच्या नाकासमोर लटकत होतो, पण मला पहिल्यांदा पाहावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

केया रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती गाडीतून उतरली, स्टुलावर चढली आणि हिसडा देऊन तिने मला दोरीसकट खाली ओढलं. मग दोरी सोडवून मला वर उडवलं आणि पाऊल पुढे केलं. आता मी त्या मऊ पावलावर बसणार, या कल्पनेने मी हरखून गेलो. मी खटकन आपटलो आणि वजनांमागे जाऊन पडलो. तिने मला उचलून पुन्हा उडवलं. पुन्हा तेच. माझ्यात हवा नव्हती, मी पूर्वीसारखा उसळत नव्हतो, तेव्हा थोडा दोष माझाही होता. पण पाऊल माझ्या ओळखीचं नव्हतं, हेही खरं.

आवाज ऐकून राधिका स्वयंपाकघरातून गॅरेजच्या दारात आली. "काय झालं?" तिने विचारलं.

"आय कान्ट डू इट," केया हळूच म्हणाली. "आई, मला आता येत नाहीये."

अनीश धडपडत गाडीतून उतरला. "येईल, बेटा, येईल! उद्यापासून टाइमटेबल करू. रोज एक तास फक्त टच, बॉल पायावर घ्यायचा. अण्णांना व्हिडिओ कॉल लावतो, मी एखादा स्पेशल कोच..." बोलता बोलता त्याने खिशातून फोन काढलाही.

"बाबा, प्लीज," केया म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणून तर तो जागच्या जागी थिजला. "तू काही करू नकोस."

त्याने फोन खिशात ठेवला. मग काय करावं हे न सुचून तो गॅरेजच्या पायरीवर बसला. केयाने मला पुन्हा उडवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा चेंडू असेल तर त्याला भोक पाडू नका, एवढं तर मी मागणारच. पण तुमच्या आईबाबांनाही माझा एक निरोप द्या. मुलांना नवीन काही शिकवायच्या आधी त्यांना काय येतं ते एकदा त्यांच्याजवळ बसून बघा म्हणावं. अनीशने वर्षभर केयाला वजनं उचलताना पाहिलं, धडका देताना पाहिलं. स्वयंपाकघरात ती माझ्याशी कशी खेळायची ते मात्र त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो पायरीवर बसून पहिल्यांदाच बघत होता, आणि मी तिच्या पावलावर पडून दर वेळी लांब जात होतो.