कागदाच्या जाडीएवढा न्याय

डावीकडची शेवटची दाढ कागदाच्या जाडीएवढी उंच होती. डोळ्यांना दिसायची नाही, पण जिभेला कळेल, आणि हिरडीला तर प्रत्येक घासाला कळेल – कवळी खिडकीच्या उजेडात धरून ती पाहत राहिली. चूक नव्हती ती. दातांच्या दवाखान्यामागच्या या खोलीत सव्वीस वर्षं ती कवळ्या करत होती. असली चूक तिच्या हातून झोपेतही झाली नसती. दाढ तिनं मुद्दाम उंच ठेवली होती.

कवळी वडिलांची होती.

वडील... हा शब्दच तोंडात नीट बसत नव्हता. ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी ते शर्टाचं बटण लावत बाहेर पडले ते पडलेच. दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटल्याचं मागाहून कानावर आलं. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी पिळत राहिली. कुणी हळहळलं की एवढंच म्हणायची, "न्याय करणारा वर बसलाय. तो बदलत नाही." मुलीनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. बदलत नाही म्हणजे विसरत नाही, विसरत नाही म्हणजे सोडणार नाही... आई वाट पाहत पाहत गेली. आणि ती गेल्यावर चौथ्या वर्षी हा माणूस बोळकं तोंड घेऊन परतला, चर्चच्या शेवटच्या बाकावर ढसाढसा रडला, आणि मंडळीनं त्याला पोटाशी धरलं. येत्या रविवारी तो सगळ्यांबरोबर प्रभुभोजनाची भाकर घेणार होता.

"देव शब्दाला जागतो, ताई," चर्चचे पाळक घरी येऊन म्हणाले होते. "पश्चात्ताप करणाऱ्याला तो टाकत नाही."

"आणि माझ्या आईचं काय?"

पाळक चष्मा पुसत बसले होते.

मग कर ना न्याय! – सकाळपासून ती देवाला सुनावत होती, ब्रश धुताना, प्लास्टर कालवताना, पॉलिशच्या चाकाच्या घरघरीत – माझ्या आईला जन्मभर ताटकळत ठेवलंस आणि याला एका रडण्यात मोकळं केलंस? शब्दाला जागतोस म्हणे! कुणाच्या? ठीक आहे. तुझ्याच्यानं होत नसेल तर माझ्या हातात कानस आहे. मोठा न्याय तुला लखलाभ, हा एवढासा माझा.

दुपारी वडील आले. बसा म्हटल्यावरच बसले. तिनं कवळी बसवली.

"चावा."

ते चावले. डाव्या डोळ्याखालची शीर उडाली.

"टोचतंय?"

"नाही, नाही. छान बसलीय."

"खरं सांगा."

"थोडं टोचतंय..." ते खाली बघत म्हणाले. "असू दे. तू केलीयस ना, मग बरोबरच असेल."

तिचे हात थांबले.

"पाळक म्हणतात, माफ झालं," ते पुढं बोलू लागले, नव्या दातांत अडखळत. "झालं असेल. मला मात्र रोज जाग येते ती धाकधुकीतच, की आज बोलावणं येणार. देवापुढं निदान रडता तरी येतं गं... तुझी आई समोर आली तर तोंड कुठं लपवू?"

हेच तर ऐकायचं होतं – एकोणचाळीस वर्षं. आणि आता ऐकल्यावर आत काहीच निवलं नाही. हा माणूस रोज सकाळी आपणहून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत होता, तिला न विचारता. आणि तिनं दिलेली शिक्षाही हूं की चूं न करता मरेपर्यंत चघळत राहिला असता. त्याच्या प्रत्येक घासाला न्यायाधीश म्हणून हजर राहायचं, सकाळ-संध्याकाळ... म्हणजे पुन्हा याच्याच दावणीला!

"काढा ती."

त्यांच्याकडे पाठ करून तिनं दाढ घासली, साच्यावर उंचवट्याची खूण उमटवणारा निळा कागद ठेवून पाहिली, पुन्हा घासली.

"ही माफी नाही," ती न वळता म्हणाली. "वाकडं काम माझ्या खोलीतून बाहेर जात नाही, एवढंच."

"कळतंय," ते म्हणाले. तिनं दिलेली कवळी तोंडात बसवून ते दारात थोडे घोटाळले. "रविवारी..."

"ते माझं मी बघेन."

ते गेले. टेबलावरची पूड झटकत तिनं पुन्हा तोंड सोडलं – आणि तू! त्याचं झालं, तुझं माझं मिटलेलं नाही, समजलास? – आणि मध्येच ती थबकली. वडील गेल्यावर महिनाभर ती त्यांच्याशी अशीच मनातल्या मनात भांडली होती. मग शब्द आटले, कारण पलीकडे कुणी नव्हतं. निघून गेलेल्याशी किती दिवस भांडणार? या देवाशी मात्र उभा जन्म भांडतेय मी. नाही नाही ते बोलले, आईला पुरून आल्यावर प्रार्थना तोडली, पाठ फिरवली... पण तो ऐकत नसेल, गेला असेल, असं एकदाही, एकदासुद्धा वाटलं नाही.

तिला बरं वाटलं नाही. उलट संतापच आला, पण हा संताप निराळा होता – परक्यावर काढता येत नाही असला.

"बरं," ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "आहेस ना? मग ऐक. अजून माझं बोलून झालेलं नाही."