पाण्यावरची सुई

सुई गं साजणी, चाल हळूहळू
उसवल्या जिवाला टोच नको कळू

ताई शिलाई मशीनवर बसली की हे गुणगुणायची. मी तेव्हा लहान. टेबलाखाली चिंध्या गोळा करत ऐकायचे. आज ती त्या खचाखच भरलेल्या हॉलमध्ये सुईवाल्या बाबासमोर बसली होती आणि तिच्या तोंडून हुंकारही निघत नव्हता.

ताईचं मन कधी आभाळाला भिडायचं, कधी तळाला जाऊन बसायचं. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं होतं, बायपोलर. गोळ्या सुरू होत्या, पण आईचा धीर सुटला होता.

"सुई कुणाची?" बाबाने विचारलं.

"तिच्याच शिलाईच्या दुकानातली," आई म्हणाली.

"मग ती खोटं कशाला बोलेल?"

त्याने सुई बोटांत घोळवली आणि लाकडी पाटावरच्या वाटीत, पाण्यावर अलगद ठेवली. सुई तरंगली. डुलत डुलत ताईकडे वळली. लोकांनी श्वास रोखला.

"हिच्यावर बाहेरची सावली आहे. या गोळ्या म्हणजे त्या सावलीचा खुराक. आजपासून बंद."

"सावलीला इतक्या कडू गोळ्या आवडतात, बाबा?" मी म्हणाले. आईने मला कोपर मारलं.

"या पोरीला जास्तच शिकवलंय," मागून एक बाई पुटपुटली.

बाबाने खोकल्याची उबळ दाबावी तसा काहीतरी मंत्र म्हटला. सुईने ताईकडे पाठ फिरवली. "गेली," बाबा म्हणाला आणि सुई ताईच्या हातावर ठेवली. लोक त्याच्या पायांशी लोटले.

आणि ताई खरंच उठली. हसली, गुणगुणली. शेजारणी चमत्कार बघायला येऊ लागल्या. आई प्रत्येकीला चहा द्यायची आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

मग ताई झोपेनाशी झाली. गणवेशाचं कापड कापून तिने पडदे केले, पडद्यांचे सदरे केले. बोलणं इतकं भरधाव, की एका वाक्याच्या पायात दुसरं अडकायचं. "आनंद झालाय तिला," आई म्हणायची, पण माझ्याकडे न बघता.

एका सकाळी मशीन वाजलंच नाही. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मला नको आता काही," एवढंच बोलली. आईने घरातल्या सगळ्या कात्र्या कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन दाराशी बसून राहिली. हाक मारली तरी ताई वळत नव्हती. ती आमच्या हातून निसटत होती, आणि आम्ही बघत होतो.

मी तिला दवाखान्यात नेलं.

"गोळ्या लागू पडत होत्या, म्हणून ती उठली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्रेय सुईने घेतलं. गोळ्या थांबल्या आणि मनाचा लगाम सुटला."

सावरायला फार वेळ लागला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, ठरल्या वेळी झोपणं आलं, डॉक्टरीणबाईंशी बोलणं आलं. मध्येच ती पुन्हा खचली, पुन्हा उठली. पण आता ती स्वतःला ओळखायला शिकली होती. झोप कमी झाली की आपणच सांगायची, "माझी टीप पळायला लागलीय गं, लक्ष ठेवा."

एक दिवस ती म्हणाली, "मला त्या हॉलमध्ये घेऊन चल."

आईही आमच्याबरोबर आली. तिथे एक मुलगी बाबासमोर बसली होती, ताईसारखीच मुकी. तिच्या आईच्या हातात गोळ्यांची पिशवी. ताई गर्दीतून पुढे गेली आणि तिने मूठभर टाचण्या बाबाच्या गुडघ्यावर सोडल्या.

टाचण्या खाली पडल्याच नाहीत. धोतराला झुपक्याने चिकटून राहिल्या.

"शक्तीचं आकर्षण," बाबा म्हणाला.

"मग पितळेची सुई वळवून दाखवा," ताई म्हणाली. "गुडघ्याला लोहचुंबक बांधलाय तुम्ही. पाटाखाली गुडघा हलतो, वर सुई फिरते. सांडलेल्या टाचण्या आम्ही दुकानात चुंबकानेच गोळा करतो."

मागे कुणीतरी हसलं. बाबाने पाय पोटाशी घेतले.

ताई त्या मुलीजवळ बसली. "गोळ्या सोडू नकोस. त्रास झाला तर डॉक्टरांशी भांड, पण त्यांनाच विचार. कुणी चमत्कार दाखवला तर पाट उचलून बघ." मग ती आमच्या आईकडे वळली.

"आई, मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी आल्यावर ती सुई कात्रीला चिकटली होती. मी बोलले नाही. मला नुसतं बरं नव्हतं व्हायचं गं. मी कधी आजारीच नव्हते, असं कुणीतरी मला सांगावं, हेच हवं होतं मला."