बुधवारची विनंती

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. आधी ज्याने त्याने आपली विनंती सांगायची, मग डोळे मिटून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बदली. शिंपीणबाईंचा नंबर आला की आम्ही खुर्चीत जरा नीट टेकून घ्यायचो. बाई एकदा सुरू झाल्या की थांबायचं नाव घेत नाहीत.

मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करते. दिवसभर वाफ खाऊन संध्याकाळी अंगात जीव उरत नाही. अशीच एकदा घरी परतताना मी शिंपीणबाईंच्या दुकानात शिरले आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून सांगून टाकलं, की आमच्या रंगाऱ्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुन्हा प्यायला सुरुवात केलीय. बरीच वर्षं थेंबाला शिवला नव्हता. हे मी फक्त त्यांना सांगितलं. दुसऱ्या कुणासमोर मी अशी बसू शकत नाही.

त्या बुधवारी माझी संध्याकाळची पाळी होती, त्यामुळे मी सभेला नव्हते. बाईंनी डोळे मिटले आणि प्रभूला सगळं सांगितलं, अगदी नावानिशी. खोलीत बाकीचे कान देऊन बसलेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराला विसावा नाही. चर्चचे पाळकसाहेब आले. मंडळीतले एक वडीलधारे यकृताच्या चित्राची पुस्तिका घेऊन आले आणि ती नवऱ्याच्या हातात देऊन त्याच्याऐवजी छताकडे बघत बोलत राहिले. सगळे प्रेमानेच आले होते, म्हणून कुणाला घालवूनही देता येईना. चहा करून करून माझे हात दुखले.

शेवटचा पाहुणा गेल्यावर नवरा म्हणाला, "चारचौघांत लाज काढलीस माझी. आता मी त्या लोकांत पाय ठेवणार नाही." त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला आणि पिणं मात्र वाढलं. रंगाच्या डब्यांशेजारी गादी टाकून तिथेच पडून राहायचा. मीही चर्चला जायचं सोडलं. शिंपीणबाईंचा मला इतका राग आला होता, की त्यांच्या दुकानाचा रस्ताच टाळून मी लांबच्या वाटेने घरी यायचे. पायांत त्राण नसायचं तरी. नवरा हातचा जाणार, आणि ते रडून सांगायला आता मैत्रीणही नाही, एवढंच डोक्यात असायचं.

एका रविवारी दुपारी त्या स्वतःच आल्या. दार नवऱ्याने उघडलं. मी आतून आवाज ओळखला, पण उठले नाही.

"भाऊजी, मी तुमच्याकडे आलेय. तिच्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं. देवाशी बोलता बोलता माणसं विसरले."

"आता काय, इथे प्रार्थना करणार?"

"नाही हो. तोंडच उघडत नाही आता. बुधवारी नुसती बसते."

हे मला नवीन होतं. नवरा म्हणाला, "काय म्हणाला होतात माझ्याबद्दल? सगळे सल्ले देऊन गेले, पण ते कुणी सांगितलं नाही."

"जाऊ द्या ना."

"नाही ताई, सांगा. माझंच आहे ते."

बाईंचा एरवी खणखणीत असणारा आवाज अगदी बारीक झाला. "म्हटलं, प्रभू, हा माणूस मला पाठच्या भावासारखा आहे. माझे हे अंथरुणाला खिळले, तेव्हा घरच्यांनाही वास सहन होत नव्हता. तेव्हा हा येऊन त्यांची दाढी करायचा. गालाला हात लावून, गप्पा मारत. प्रभू, याची दारू सोडव. आणि ती सुटेपर्यंत याला आमच्यात यायची लाज वाटू देऊ नकोस."

"मग?"

"मग मला रडू फुटलं. पुढचं राहिलंच."

नवरा दाराची चौकट धरून उभा राहिला. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. बाई थोड्या वेळाने आपणच गेल्या. मी उठून बाहेर आले तर त्याने तोंड फिरवलं आणि ब्रश धुवायला घेतले. ते आधीच स्वच्छ होते.

दारू काही सुटली नाही. मंगळवारी त्याच्या तोंडाला वास आला, तेव्हा मी भिंतीला टेकून खालीच बसले. रागवायलाही ताकद लागते, तेवढी माझ्यात नव्हती.

बुधवारी मी कामावरून आले, तर तो दारातच उभा होता. "आज सभेला जा," म्हणाला.

"तू येतोस?"

"माझ्याच्यानं नाही होत अजून. तू जा. ताईंना सांग, काल परत घेतली."

"सभेत? सगळ्यांसमोर सांगू?"

"सगळ्यांसमोर. पण माझ्यासाठी मागायचं ते त्यांनीच मागायचं. दुसऱ्या कुणी नाही."

मी तशीच, कामाच्या कपड्यांत, उलट पावली निघाले.