मुकादमाला गूळ देऊ नका

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत बाबासो जगदाळेला शुगर निघाली. वय सेहेचाळीस, गाव कोरेगाव तालुक्यातलं, काम तुर्भ्याच्या मसाला मार्केटात. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "काम काय करता?"

"माथाडी टोळीचा मुकादम हाय."

"कसला माल?"

बाबासोने मान खाली घातली. "गूळ."

डॉक्टर हसले नाहीत. कंपाउंडर मात्र औषधांच्या कपाटामागे गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

कोपरखैरण्याला घरी आल्यावर बाबासोने ही गोष्ट फक्त बायकोला, गोजराला सांगितली. गोजराने फक्त शेजारच्या मुक्ताबाईला सांगितली. दुसऱ्या सकाळी दारात कारल्याच्या रसाचे तीन पेले आले, तिन्ही वेगवेगळ्या घरांतून. परत काय द्यायचं म्हणून गोजराने तिन्ही त्यालाच पाजले.

मग घरात पहारा बसला. भाकरी दुसरी मागितली की गोजरा ताटाकडे बघायची. मोरीकडे वळला की म्हणायची, "आता कितव्यांदा?" पुतण्याच्या लग्नात तर हद्द झाली. वाढप्याने जिलबी पुढे केली, तेवढ्यात मांडवाच्या त्या टोकावरून कुणीतरी ओरडलं, "मुकादमाला नको, त्यांना शुगर हाय!" अख्खी पंगत वळून बघायला लागली. शंभर किलोची गोणी उचलणारा गडी त्या पंगतीतून उपाशी उठला.

त्याच आठवड्यात गाळ्यात एक ढेप फुटली. बाबासोने नारळाएवढा खडा उचलला, गोण्यांच्या आडोशाला गेला आणि उभ्याने खाल्ला. चव कळलीच नाही, इतकी घाई होती. पुढच्या तपासणीत साखर वर गेली. "काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं. "काय न्हाई," तो म्हणाला. गोजराला त्याचं खरं वाटलं. भाकरीच जास्त होत असेल, म्हणून तिने त्याची अर्धी भाकरी कमी केली आणि सोबत म्हणून स्वतःचीही केली. ते बघून बाबासोने आपली भाकरी ताटात तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने टोळी गोळा केली. "आजपासनं माझ्या हातात गूळ दिसला तर हात धरायचा. शिव्या दिल्या तरी सोडायचा न्हाई."

टोळीत सगळ्यात दांडगा रणजीत. त्याने ढेपेवर हात ठेवून शपथ घेतली.

होळीच्या आधी गुळाला भलती मागणी. त्या दिवशी ट्रकवर ट्रक लागले. बाबासोने सकाळी शुगरची गोळी घेतली होती, पण दुपारचे दोन वाजले तरी डबा उघडला नव्हता. अचानक त्याला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. त्याने दाढीवाल्या ट्रक ड्रायव्हरला "गोजरा, पानी आन" म्हणून हाक मारली, तेव्हा अंगातली साखर उतरल्याचं त्याचं त्यालाच कळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, असं झालं की ताबडतोब गोड खायचं. त्याने ढेपेकडे हात नेला.

रणजीतने हात धरला.

"सोड!"

"न्हाई, मुकादम."

"आरं, माझी साखर उतरलीया!"

"मंग ब्येसच झालं की!" रणजीतने बाकीच्यांना आनंदाने सांगितलं, "मुकादमाची साखर उतरली रं!"

बाबासोने त्याच्या सात पिढ्या काढल्या. "शिव्या दिल्या तरी सोडायचा न्हाई, तुमीच बोलला," म्हणत रणजीतने दुसराही हात धरला. गाळ्यात छपरापर्यंत गूळ रचलेला आणि मुकादमाला बोटभर मिळेना. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेवटी तो गुडघ्यांवर बसला, वाकला आणि समोरच्या ढेपेचा सरळ लचका तोडला.

रणजीत गोंधळला. "तोंडाचं काय ठरलं नव्हतं," तो बाकीच्यांना म्हणाला.

पाव तासाने बाबासोचे हात थांबले. त्याने डबा खाल्ला. टोळी काम सोडून भोवती बसली होती. त्याला आधी हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं.

संध्याकाळी रणजीत त्याला घरी सोडायला आला आणि दारातच अभिमानाने म्हणाला, "वहिनी, मी हात सोडला न्हाई."

सगळा प्रकार ऐकून गोजरा त्याच्या अंगावर धावली. "मुडद्या, मारला असतास की रं मान्साला!" रणजीत चपला हातात घेऊन पळाला.

मग बाबासोने चोरून खाल्लेल्या खड्याचंही सांगून टाकलं. भांडणाची तयारी ठेवूनच सांगितलं. पण गोजरा खाली बसली. "मला का न्हाई बोलला?"

"तू बगत असतीस. ताटात, तोंडाकडं, मोरीत जाताना. आजार सोसतो गं मी. रोजची परीक्षा सोसत न्हाई."

"मला भ्या वाटतं वो," ती म्हणाली. "मुक्ताबाईच्या दिराचा अंगठा काढला ह्याच आजारानं. तवापासनं तुमी झोपला की मी तुमच्या पायाची बोटं मोजती."

बाबासोने दोन्ही पाय तिच्यापुढे पसरले. "मोज. आता जागा हाय तवर मोज."

तिने खरंच मोजली. दहा भरली.

त्या दिवशी ठरलं, रोज विचारायचं नाही, रविवारी एकदाच विचारायचं आणि त्याने खरं सांगायचं. होळीला पुरण शिजलं. बाबासो सगळ्यांसोबत ताटावर बसून जेवला, तूपही घेतलं.

पुढच्या तपासणीला साखर थोडी वरच होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, तसा बाबासो स्वतःच बोलला, "पुरणपोळी खाल्ली. दीड."

"पावणेदोन," मागून गोजरा म्हणाली.

बाबासोने जरा विचार केला. "व्हय, पावणेदोन," तो म्हणाला, आणि डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.