कप्तान काही बोलला नाही

हळदीचा भाव पडला की काय करायचं, हे सांगलीच्या नानासोंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बास्केटबॉलचा संघ सारखा हरायला लागला की काय करायचं, हे मात्र त्यांना उमजेना. मोठ्या हौसेने त्यांनी व्यावसायिक लीगमधला ‘कृष्णाकाठ’ संघ विकत घेतला होता. घरचे निम्मे सामने साताऱ्यात, निम्मे सांगलीत. यंदा संघ दोन्हीकडे हरत होता, तोही दरवेळी शेवटच्या सत्रात. मग जो तो सांगू लागला, कोच बदला. व्याही सांगत, पानवाला सांगे, ज्याने जन्मात चेंडू आपटला नव्हता तोही सांगे. शेवटी नानासोंनी कप्तानाला सांगलीला बोलावून घेतलं.

कप्तान शिवतेज मूळचा पलूसचा. साताऱ्याहून तो एसटीने निघाला. संघ शेवटच्या सत्रात का हरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्यामुळेच हरत होता. त्याचा उजवा गुडघा दिवाळीपासून कामातून गेला होता. तीन सत्रं तो कसाबसा काढायचा. चौथ्यात उडी मारायची म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि समोरचा गडी आरामात बास्केट करून मोकळा व्हायचा.

हे आणखी एकाच माणसाला माहीत होतं, कोच हरिबांना. हरिबा लष्करातून निवृत्त झालेले, म्हणून खेळाडू त्यांना उस्ताद म्हणत. शाळकरी शिवतेजला उसाच्या रानातून मैदानावर त्यांनीच आणलं होतं. गुडघ्याचं लक्षात येताच त्यांनी त्याला बाकावर बसवलं, तेव्हा शिवतेजने त्यांचे पाय धरले.

“उस्ताद, देशाच्या संघाची निवड तोंडावर आलीया. बाकावर दिसलो तर मला कोण घेतंय? तवर कुणाला बोलू नका.”

हरिबा आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत. याचं ऐकलं, आणि तिथेच ते चुकले.

सांगलीच्या पेढीवर नानासो होते आणि त्यांची मुलगी अबोली होती. संघाचा कारभार तीच पाहायची. एकेका सामन्याचं चित्रण तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं.

“शिवतेज, मला एकच सांग,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी तुझे पाय उचलत नाहीत. तरी कोच तुला बाहेर का काढत नाहीत?”

उत्तर तयार होतं. गुडघा गेलाय, मीच त्यांना गळ घातली. ते तोंडापर्यंत आलंही. पण त्याच्या पाठोपाठ देशाचा संघ आठवला, पलूसच्या चौकात लागणारा स्वतःचा फलक आठवला. शिवतेजने मान खाली घातली.

“आगं, नको छळूस त्याला,” नानासो म्हणाले. “उस्तादाविरुद्ध त्यो कसा बोलंल? आमी तालमीत होतो तवा वस्ताद चुकला तरी शब्द काढत नव्हतो. मान खाली घातली की समजून घ्यायचं.”

“म्हणजे कोचचंच चुकतंय?”

“तर! चुकत नसतं तर लगीच न्हाई म्हणला असता. पोरगं गुणाचं हाय, म्हणून गप हाय.”

‘तसं न्हाई’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण नानासोंनी त्याच्या भित्रेपणाला संस्कार म्हटलं होतं आणि ते ऐकायला बरं वाटत होतं. मग भडंग आला, चहा आला. शिवतेजने दोन्ही घेतलं. गिळताना त्याला स्वतःची शिसारी आली, तरी त्याने बशी रिकामी केली.

पुण्याच्या सुमंत नावाच्या नव्या कोचशी बोलणी पक्की झाली. शिवतेज साताऱ्यात सरावाला गेला तेव्हा हरिबा मैदानाच्या कडेला चेंडूंत हवा भरत बसले होते.

“ये रं. मालकांचा फोन आला व्हता.”

शिवतेजने एक चेंडू उचलून हातात घोळवला.

“म्हणले, लय खोदून विचारलं, पर शिवतेज तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलला न्हाई. बरं वाटलं गड्या.” हरिबांनी पंप खाली ठेवला. “गुडघ्याचं काय विचारलं का?”

“न्हाई.”

तसं ते खोटं नव्हतं. गुडघ्याचं नाव खरंच कुणी काढलं नव्हतं. असलं खरं बोलण्यापेक्षा माणसाने सरळ खोटं बोलावं.

“मग झालं तर. मला त्याचीच धाकधूक व्हती.”

“मी जातो मालकांकडं, उस्ताद. समदं सांगतो.”

हे तो म्हणाला खरा, पण समोरच्याने नको म्हणावं अशा आवाजात म्हणाला. आणि हरिबा नको म्हणालेच.

“काय करतोस सांगून? माझं वय झालं. तुझं आत्ता कुठं सुरू व्हतंय.”

शिवतेजला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटकेचीच शरम वाटली.

निरोपाचा कार्यक्रम साताऱ्यातच झाला. नानासोंनी कशात कमी पडू दिलं नाही, शाल, नारळ, फेटा सगळं रीतसर केलं. हरिबा बोलायला उभे राहिले.

“मी पलटणीतला माणूस. पलटण मागं हटली तर जाब कमांडरनं द्यायचा. दमलेल्या कप्तानाला मी शेवटपातुर पळवत ठेवला, ही माझी चूक. पोराला कुणी बोल लावू नका.”

नानासोंनी उपरण्याने डोळे पुसले. अबोली मात्र शिवतेजच्या पायांकडे बघत होती. मग कप्तानाला दोन शब्द बोलायला बोलावलं. पायऱ्या चढताना गुडघ्यातून कळ गेली. ती त्याने दातओठ खाऊन दाबली, पाय लंगडू दिला नाही. समोर अख्खं सभागृह होतं, आणि पहिल्या रांगेत उस्ताद त्याच्याकडे काळजीने बघत होते, कुठं भलतं बोलून बसायचा म्हणून.

“उस्तादांनी मला समदं दिलं,” शिवतेज म्हणाला. पुढचं वाक्य त्याला येत होतं. तो थांबला, आणि लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या हरिबा वाजवत होते.