एका टाकीतलं दूध

"उचल ती किटली! उचल म्हणतो ना!"

मालकांचा पुतण्या तोंडानं हे बोलला आणि पायानं त्याच्या आधीच काम करून मोकळा झाला. बुटाच्या टोकानं त्यानं किटली रांगेबाहेर ढकलली. किटली डुचमळली, झाकणाखालून दुधाचा ओघळ निघाला आणि धुळीत जिरला. गवतवालीनं खाली बसून हातानं किटलीचा काठ पुसला, झाकण दाबलं आणि किटली होती तिथंच परत ठेवली.

"माझा नंबर आहे," ती म्हणाली.

"नंबर? तुझा?" पुतण्या हसला. त्याच्यासोबत आणखी दोघं हसले. बाकीची रांग हसली नाही, पण बोललीही नाही.

दूध केंद्र गावात नवंच आलं होतं. पत्र्याची एक शेड, वजनकाटा, फॅट बघायचं मशीन, आणि मागं ती मोठी चकचकीत टाकी. सगळ्या गावाचं दूध त्या एका टाकीत जायचं आणि गाडी येऊन शहराकडं न्यायची. केंद्रावरचा चष्मेवाला पोरगेला माणूस शहरातला. गावाच्या पोटात काय काय आहे ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. त्यानं गवतवालीची किटली उचलली, मशीनला दूध लावलं आणि म्हणाला, "वा! सगळ्यात चांगलं लागलं हे." आणि सरळ टाकीत ओतून दिलं.

ओतल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मागं कोणीतरी घसा खाकरला. मग एकेक जण आपापली किटली उचलून, एक शब्द न बोलता, घराकडं वळला. शेडमध्ये तेवढे दोघंच उरले.

"काय झालं यांना?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"काही नाही साहेब," गवतवाली म्हणाली. "आता होईल."

गावात आळ्या दोन. वरची आणि खालची. वरच्या आळीत जमिनी, गोठे, दगडी पायऱ्यांची घरं. खालच्या आळीत त्या जमिनी नांगरणारे, गोठे झाडणारे, पायऱ्यांचे दगड वाहून आणणारे. वरचे म्हणायचे, खालची माणसं मुळात रंगानंच वेगळी, कुठून आली देव जाणे. खरं तर उन्हात राबलं की कोणाचीही कातडी करपते, पण हे वरच्या आळीला सांगणार कोण? मागच्या काही वर्षांत खालच्या आळीतली दोन पोरं शिकून बाहेर नोकरीला लागली होती, एका घरावर स्लॅब चढला होता. तेवढंसुद्धा वरच्यांच्या डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं.

गवतवालीनं अर्धी हयात ओढ्याकाठचं गवत कापून वरच्या गोठ्यांत टाकलं होतं. त्यावरूनच तिचं नाव पडलं. तिची गाय तशी मालकांच्याच गोठ्यात जन्मलेली. जन्मतःच पाय लुळे म्हणून मालकांनी ती कालवड ओढ्याकाठी नेऊन टाकायला लावली होती. गवतवालीनं ती खांद्यावर घालून घरी आणली, पेज पाजली, पायांना तेल चोळलं. सासू तेव्हा म्हणाली होती, "आपल्याच ताटात पडेना आणि निघाली पाहुण्याला जेवू घालायला!" तीच कालवड आता शेजारणींच्या नजरेत भरेल अशी गाय झाली होती.

संध्याकाळी नवरा घरी आला तो भिंतीला टेकून बसला. तो मालकांचा ट्रॅक्टर चालवायचा.

"बोलावलं होतं मालकांनी," तो म्हणाला.

"ओरडले?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारी बसवलं. चहा दिला. म्हणाले, गाय चांगली आहे रे तुझी. तशी आमच्याच गोठ्यातली ती. आमचं आम्ही कधी परत मागत नाही. म्हणाले, दिवस बदललेत, आम्हालाही कळतं. पण पोरं तापट आहेत, त्यांना कोण आवरणार? मी आता म्हातारा झालो."

"आणखी?"

"आणखी काही नाही. पाठीवर हात ठेवला." त्यानं खांदा झटकला, जणू तो हात अजून तिथंच होता. "दूध घरीच वापर ना गं. नाहीतर दही लाव."

"दही लावून कोणाला देऊ? आपल्या आळीत विकत घेणारा कोण आहे?"

सासू चुलीपुढून म्हणाली, "विकून टाक ती गाय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मी सांगते ते ऐक, अशी गप्प गप्प झालेली माणसं मी पाहिलीत. बोलणारा परवडला."

गवतवालीनं सासूचं सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी किटली घेऊन पुन्हा केंद्रावर गेली.

वरच्या आळीतलं कोणीच आलं नव्हतं. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. पुतण्यानं चौकात जाहीर करून टाकलं होतं की आपलं दूध त्या टाकीत जाणार नाही, आपण दुसऱ्या डेअरीची गाडी आणू. चष्मेवाला दोनदा मालकांच्या पायऱ्या चढून आला. मालकांनी त्यालाही चहा पाजला. "वेगळी टाकी ठेवा, आम्ही उद्या येतो," एवढंच म्हणाले. चष्मेवाल्यानं शहरात फोन लावला. तिथून उत्तर आलं, एका गावाला टाकी एकच. मग तोही गवतवालीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू लागला. वाईट माणूस नव्हता तो. पण बदलीची भीती कोणाला नसते?

त्याच सुमाराला ओढ्याकाठच्या कुरणाला काटेरी तार लागली. तार कोणी लावली हे कोणी सांगेना. खालच्या आळीतल्या शेळ्या तारेपाशी उभ्या राहून ओरडायच्या. कोरडा वारा सुटला होता, काळ्या मातीला भेगा पडू लागल्या होत्या. दूर शेतात कोणीतरी धसकटं जाळली की सासू दारात येऊन उभी राहायची आणि धूर कुठल्या बाजूचा ते बघत बसायची. गवतवाली गवतासाठी टेकडीपलीकडं जायला लागली. परत येताना रस्त्याच्या वळणावर पुतण्याची मोटारसायकल उभी असायची. तो काही बोलायचा नाही. नुसता बघायचा, आणि ती पुढं गेली की गाडी सुरू करून हळूहळू मागं यायचा, आळीच्या तोंडापर्यंत.

पण दूध काही चौकातल्या ठरावाचं ऐकत नाही. ते आचळातून यायचं तेव्हा येतं आणि नासायचं तेव्हा नासतं. दुसऱ्या डेअरीची गाडी आज येते, उद्या येते, असं चालूच राहिलं. वरच्या आळीत दही झालं, लोणी झालं, तूप झालं, शेवटी कुत्रीसुद्धा ताकाला तोंड लावेनात. आणि दुधाचा पैसा म्हणजे बायकांच्या हातात येणारा एकुलता एक पैसा. शेताचा पैसा पुरुषांच्या खिशात जायचा. पुरुषांनी बाणा दाखवला, आणि मुठी रिकाम्या झाल्या बायकांच्या.

पहिल्यांदा आली ती वरच्या आळीतल्या किराणावाल्याची बायको. दिवेलागणीला, पुरुष चौकात जमले होते तेव्हा, मागच्या वाटेनं. अंगणात उभी राहून इकडं तिकडं बघत म्हणाली, "एवढं तुझ्यात घाल गं. तुझ्या नावावर जाऊ दे. माझं मला नंतर दे."

गवतवालीनं सासूकडं बघितलं. सासू पुटपुटली, "विस्तव आहे हा. पदरात घेऊ नकोस."

"घालते," गवतवाली म्हणाली. "पण येताना चाऱ्याची एक पेंढी आणत जा. तुमच्या माणसांनी कुरण बंद केलंय."

किराणावालीनं आपली किटली उंच धरली, गवतवालीच्या किटलीला लागू नये म्हणून, आणि वरून धार सोडली. निम्मं दूध काठावर सांडलं. गवतवालीनं काठ पुसला. पुढच्या खेपेला काठ थोडा खाली आला. त्याच्या पुढच्या खेपेला किटलीला किटली टेकली. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तसं इथं अंगणाचा विटाळसुद्धा गोड झाला.

मग सुताराची सून आली. शाळेतल्या शिपायाची बहीण आली. आपण सोडून दुसरं कोणी येत नाही, असंच प्रत्येकीला वाटायचं. समोरासमोर आल्या की दोघीही वाट चुकल्यासारखं करायच्या. गवतवाली जिचे पैसे तिला हातात मोजून द्यायची, एकीचं दुसरीला कळू द्यायची नाही. आणि एका संध्याकाळी खुद्द मालकीणबाई आल्या. अंगावर शाल लपेटलेली, हातात किटली, काखेत चाऱ्याची पेंढी. ज्यांच्या गोठ्यात गवतवालीनं मान खाली घालून वर्षं काढली, त्या तिच्या अंगणात उभ्या होत्या.

"कोणाला बोललीस तर..." त्या म्हणाल्या आणि किटली पुढं केली.

"बसा ना बाई," गवतवाली म्हणाली.

त्या बसल्या नाहीत.

आता किटलीच्या जागी मोठा कॅन आला. नवरा ट्रॅक्टरवर जायच्या आधी तो केंद्रावर पोचवून द्यायचा. आणि कॅन काही झाकून ठेवता येत नाही. चौकात कुजबूज सुरू झाली. एक गाय, आणि एवढं दूध? पाणी घालते म्हणावं तर मशीन खोटं बोलत नाही. मग राहिली चोरी.

एका सकाळी गवतवाली शेडपाशी पोचली तेव्हा वरच्या आळीतले सगळे पुरुष तिथं उभे होते. मालक स्वतः, खुर्ची मागवून बसलेले. पुतण्याच्या हातात काठी. चष्मेवाला वजनकाट्याच्या मागं, चेहरा पांढरा पडलेला. वारा पडला होता. शेडच्या पत्र्यावर एक चिमणीसुद्धा नव्हती. नवऱ्यानं कॅन खाली ठेवला आणि तो तिच्या अर्धं पाऊल पुढं उभा राहिला.

"ये गं," मालक मऊ आवाजात म्हणाले. "घाबरू नकोस. एकच विचारायचंय. हे दूध कोणाचं?"

"माझ्या कॅनमधलं आहे मालक."

"कॅन तुझा आहे, दिसतंय. दूध कोणाचं?"

"आमच्या गाई रात्री कोणी पिळतंय का, तेवढं कळू दे," पुतण्या म्हणाला. "चोराला काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे."

नवरा म्हणाला, "सांग गं. सांगून टाक. कशाला जिवावर घेतेस?"

नावं सांगितली की गवतवाली सुटत होती. चार नावं, आणि काठी दुसऱ्या घरांकडं वळली असती. तिला किराणावालीचे इकडंतिकडं बघणारे डोळे आठवले. सुताराच्या सुनेच्या मनगटावरचे वळ आठवले, ज्यांच्याबद्दल तिनं कोणी न विचारताच "पडले" म्हणून सांगितलं होतं. मालकीणबाईंचा राग आला, त्यांच्या त्या अर्ध्या धमकीचा. त्यांच्यासाठी आपण का मार खायचा? त्यांनी आपल्यासाठी कधी काय खाल्लं?

तिनं मान वर केली. खुर्चीतल्या मालकांकडं बघितलं, मग किराणावाल्याकडं, मग सुताराकडं, एकेकाच्या तोंडाकडं सावकाश.

"मालक," ती म्हणाली, "हे दूध कोणाचं ते तुम्ही सगळे आपापल्या घरी जाऊन विचारा."

कोणाला आधी कळलंच नाही. मग कळलं. किराणावाल्यानं सुताराकडं बघितलं, सुतारानं जमिनीकडं. प्रत्येकाच्या मनात आपलंच मागचं दार उघडलं. आता आणखी विचारावं तर ही बाई नाव घेणार, आणि ते नाव आपल्याच घरचं निघालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. पुतण्या काठी उगारून पुढं झाला, "थोबाड फोडीन, आमच्या बायकांवर..."

"गप बस!" मालक ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला. ते उठले. चेहऱ्यावर मऊपणाचा लवलेश उरला नव्हता. जाता जाता नवऱ्याला म्हणाले, "ट्रॅक्टरची किल्ली घरी आणून दे."

गर्दी पांगली. चष्मेवाल्यानं कॅनमधलं दूध टाकीत ओतलं.

त्या दुपारी वरच्या आळीतली मागची दारं आतून बंद झाली. एका घरातून भांडी आदळल्याचा आवाज आला, दुसऱ्या घरातून बाईचं रडणं. खालच्या आळीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून ऐकत होती. "बघ," सासू म्हणाली, "तू नाव घेतलं नाहीस, तरी मार त्यांनाच पडला." गवतवालीनं गाईपुढं चारा टाकला आणि गाईच्या पाठीला टेकून बराच वेळ बसून राहिली. ती जिंकली होती की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

नवऱ्याला गावात काम मिळेना. तो वीटभट्टीवर जाऊ लागला, आठवडा आठवडा तिकडंच राहायचा. दुसऱ्या डेअरीची गाडी काही आलीच नाही. थोड्या दिवसांनी वरच्या आळीतला पहिला गडी किटली घेऊन केंद्रावर आला, खाली बघत. मग दुसरा. कोणी ठराव मागं घेतल्याचं बोललं नाही. रांगेत गवतवालीच्या मागंपुढं हातभर जागा मोकळी सुटायची, पण तिची किटली कोणी ढकलली नाही.

आणि एक दिवस मालकीणबाई आल्या. स्वतः, दिवसाउजेडी, पुढच्या रस्त्यानं. एका डोळ्याखालची कातडी अजून पिवळट निळी होती. शेडच्या समोर मोटारसायकलवर पुतण्या बसला होता आणि काठीनं जमिनीवर रेघा ओढत होता. बाई त्याच्यासमोरून चालत आल्या आणि गवतवालीच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. हातभर जागा त्यांनी सोडली नाही. त्यांचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

गवतवालीला वाटलं, आता या काहीतरी बोलतील. आभाराचं नको, पण काहीतरी.

"सरक की गं पुढं," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज तोच, आयुष्यभर गोठ्यात ऐकलेला.

गवतवालीनं मागं वळून बघितलं. रस्त्यावर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, पण गाडी जागची हलली नाही, नुसतीच घुरघुरत राहिली.

"रांग सरकेल तशी सरकेन, बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा पुढं तोंड करून उभी राहिली.