समजा, पाऊस पडतोय

या, आत या. दार आधी थोडं वर उचला आणि मग ओढा, माझ्या बिजागऱ्या आता कुणाचं ऐकत नाहीत. बोलतोय तो मीच, ज्याच्या पोटात तुम्ही उभे आहात. पिकअप गाडीच्या मागे जोडून गावोगाव ओढत न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे मी. इकडे मला नुसतं ट्रेलर म्हणतात. टेक्सासमधल्या या जुन्या ट्रेलरांच्या आवारात मी विकायला उभा आहे, आणि समोरच्या ऑफिसात एक तरुण जोडपं माझ्यासाठी सह्या करायला बसलंय. ते बाहेर येईपर्यंत माझं ऐकून घ्या. त्यांनाच सांगितलं असतं, पण खरेदीला आलेली माणसं घराचं कधी ऐकत नाहीत. मनात एक घर आधीच बांधून येतात आणि ते माझ्यावर चढवून मोकळी होतात.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यातला. दिवसाचे ठरलेले ट्रेलर उरकले की माणसांनी घरी जायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे सकाळपासून सगळ्यांची नुसती धावपळ, आणि भर दुपारी सगळे तळ्यावर मासे धरायला हजर. त्याबद्दल माझा राग नाही, त्यांनाही पोरंबाळं आहेत. पण माझ्या मागच्या कोपऱ्यात, छप्पर आणि भिंत जिथे भेटतात, तिथल्या फटीत पाणी अडवणारी लांबी भरता भरता एका माणसाच्या हातातली नळी संपली. दुसरी आणायला जायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने नुसता अंगठा फिरवला, वरून पत्र्याची पट्टी ठोकली आणि शीळ घालत निघून गेला. माझ्या आयुष्याचा निकाल तेव्हाच लागला.

पहिले मालक म्हातारा-म्हातारी होते. उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन तळ्याकाठी जायचे, एरवी मला शेडखाली ठेवायचे. म्हातारा गेला आणि म्हातारीने मला मागच्या अंगणात झाडाखाली ढकललं. तिथे कित्येक वर्षं कुणी माझं दारही उघडलं नाही. पाण्याला मात्र आत यायची वाट सापडली. माझ्या भिंतीतली लाकडं भिजायची, वाळायची, पुन्हा भिजायची. पुढे पुढे ती वाळेनाशी झाली. मग एका दलालाने मला उचललं. कोपऱ्यातल्या कुजक्या भिंतीवर त्याने निळ्या फुलांचा नवा पातळ तक्ता ठोकला, लिंबाच्या वासाचा फवारा मारला आणि मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं.

तिथे मला प्रुइट मंडळी भेटली.

क्लेटन प्रुइट पाइपलाइनवर वेल्डर. पाइप जसा पुढे सरकतो तसं याचं बिऱ्हाड सरकतं. आज या राज्यात, तर उद्या त्या. तेव्हा बायको केल्सी आणि दोन लेकरं ओक्लाहोमात, आणि हा कुठल्यातरी लॉजवर. पाइपलाइनवाल्यांचं एक असतं, पाऊस पडला की काम बंद. म्हणून थोरली जोसी, पाचेक वर्षांची असेल, रोज फोनवर पहिल्यांदा विचारायची, "डॅडी, तिकडे पाऊस पडतोय का?" पडत असला की डॅडी दिवसभर तिच्याशी बोलायला मोकळा. जोसी वेळेआधी जन्मलेली, तिची छाती पहिल्यापासून नाजूक. तिच्यापेक्षा धाकटा टकर. एकदा क्लेटन घरी आला तर टकर आईच्या मागे लपला, आणि केल्सीने त्याच दिवशी ठरवलं.

"पोरगं बापाला पाहुणा समजायला लागलंय," ती म्हणाली. "आता जिथे तू तिथे आम्ही. बिनचाकांचं घर नको मला."

ट्रेलर निवडायला त्यांनी क्लेटनच्या आईला बरोबर आणलं. डार्लीन तिचं नाव, मुलं तिला मॅमॉ म्हणत. तिने सबंध संसार ट्रेलरात केलेला, चार पोरं ट्रेलरात वाढवलेली. बाई हाडाने काटक आणि तोंडाने फटकळ. दलाल माझे गुण गायला लागला तर म्हणाली, "तू जरा सावलीत जाऊन उभा राहा बाळा, घसा कोरडा पडेल तुझा."

माझ्या शेजारी दुसरा एक ट्रेलर उभा होता. ठेंगणा, पत्र्याचा, रंग उडालेला. दिसायला अगदीच भिकार, पण आतून ठणठणीत कोरडा. निवड आमच्या दोघांतच होती.

"ऊन असलं की सगळीच घरं मोठी वाटतात," डार्लीन म्हणाली. "सगळे बाहेरच असतात ना. ट्रेलर बघायचा तो पावसात बघायचा. नवरा घरात, पोरं घरात, चिखलाचे बूट घरात, त्यात बाई टिकली तर तो ट्रेलर घ्यायचा."

"आज कुठला पाऊस आणायचा, ममा?" क्लेटनने विचारलं. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

"पाडायचा. माझ्या सासूने माझ्यासाठी पाडला होता. चला आत, दार लावा. समजा, पाऊस पडतोय."

पाइपलाइनच्या बायका ट्रेलर असाच निवडतात, हे मला तेव्हा कळलं. आधी त्या ठेंगण्यात खेळ झाला. क्लेटनचं डोकं छताला आपटलं, टकर टेबलाखाली अडकून रडायला लागला, जोसी जाऊन बसली ती थेट मोरीत. केल्सी आधी हसली आणि मग म्हणाली, "ममा, इथे दुसऱ्या पावसाला मी कुणाचा तरी जीव घेईन."

मग सगळे माझ्याकडे आले. क्लेटनने दारात खोटे चिखलाचे बूट काढले. केल्सीने थंड शेगडीवर खोटं सूप ढवळलं. आणि मुलांना माझी मागची खोली सापडली, दोन बर्थची, स्वतःचं दार असलेली. जोसी सरसर वरच्या बर्थवर चढली. निळ्या फुलांच्या भिंतीला पाठ लावून ती छताकडे बघत राहिली.

"इथे पाऊस अगदी कानाशी वाजेल," ती म्हणाली.

त्या खोलीबाहेर डार्लीन मला तपासत होती. ती दर पावलाला जमिनीवर टाच आपटायची आणि अंगठ्याने भिंत दाबायची. लाकूड सडलं असेल तर टाचेला कळतं. स्वयंपाकाचा ओटा झाला, न्हाणीघर झालं, पुढची खोली झाली. मी वाट बघत होतो. ये बाई, ये, मागे ये, असं मी मनात म्हणत होतो. मला टाकून गेली असती तर चाललं असतं. ती आली, दारात थांबली, टाच उचलली, आणि तशीच अलगद खाली टेकवली.

जोसीला खरोखर झोप लागली होती.

"श्श," डार्लीन मागे वळून म्हणाली. "पोर झोपलीय." मग केल्सीच्या हाताला धरून तिला दारापाशी आणलं. "बघ. लेकराने पसंत केलं. मला आणखी काय बघायचंय?" आणि तिने ते दार ओढून घेतलं.

त्या दिवशी खरा पाऊस आला असता, अर्धा तास जरी आला असता, तरी फुलांच्या खालून पाण्याचा ओघळ तिच्या उशाशी आला असता. त्यांनी मला शिव्या घालून तो ठेंगणा नेला असता, आणि रोज डोकी आपटत सुखाने राहिले असते.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, हे सांगायला हवं. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात आमचा मुक्काम पडला आणि तिथे पाऊस भरपूर. पहाटे छपरावर टपटप सुरू झाली की जोसी वरून ओरडायची, "काम बंद." मग क्लेटन पांघरुणात परत शिरायचा, केल्सी पॅनकेक करायची, टकर बापाच्या पाठीवर बसून खोलीभर फिरायचा. इतकं हसणं माझ्या पोटात त्याआधी कधी झालं नव्हतं. पण त्याच दिवशी त्या पोरीच्या उशामागे पाणी उतरायचं. त्या घरातला सगळ्यात सुखाचा दिवस तोच माझ्या भिंतीला नासवणारा दिवस होता. हे मी कुणाला सांगू? त्यांना माझी नुसती करकर ऐकू यायची, आणि करकरलो तर क्लेटन बिजागरीला तेल घालायचा.

थंडीत आणखी बिघडलं. ऊब टिकावी म्हणून तिथे सगळेच करतात ते यांनीही केलं. खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवलं, छपराच्या झरोक्यांत उशा कोंबल्या, खालून गवताच्या पेंढ्या रचल्या. चौघांचे श्वास, सुपाची वाफ आणि ओले कपडे, सगळं माझ्यातच कोंडलं. तो दमटपणा जाऊन जाऊन जाणार कुठे? जिथे आधीच ओल होती तिथे गेला.

जोसीला खोकला लागला. गाव बदललं की डॉक्टर बदलायचा आणि प्रत्येकापुढे पहिल्यापासून सांगायचं. एक म्हणाला फुलांच्या परागांचा त्रास, दुसरा म्हणाला गावोगावच्या हवेचा, तिसऱ्याने तोंडात मारायचा पंप बदलून दिला. केल्सीने पायपुसणी टाकून दिली, चादरी उकळल्या, जोसीचा कापडी ससासुद्धा कुणाला देऊन टाकला. ती गुडघ्यांवर बसून माझा कोपरा अन् कोपरा पुसायची. तिचा ओला फडका त्या निळ्या फुलांवरून कितीदा गेला असेल. नोव्हेंबरच्या सणाला सगळे मला तिथेच सोडून ओक्लाहोमाला डार्लीनकडे गेले तेव्हा खोकला पार बंद झाला म्हणे, आणि डार्लीन खूश होऊन म्हणाली, "माझ्या हातचं जेवण मानवतं तिला."

एकदा केल्सीने तिला खालच्या बर्थवर निजवून पाहिलं. जोसी रडरड रडली.

"मला तिथेच झोपायचंय. तिथे पाऊस आधी कळतो."

"झोपू दे गं," क्लेटन म्हणाला. "तेवढीच तर तिची जागा आहे."

मग वसंतातला तो ओला दिवस आला. काम बंद होतं, क्लेटन घरी होता, पण वरून हाक आली नाही. केल्सी बघायला गेली तर पोरीचे ओठ निळे पडलेले आणि तोंड नुसतं उघडझाप करतंय. ॲम्ब्युलन्स आली, केल्सी तिच्याबरोबर गेली. क्लेटन टकरला कडेवर घेऊन पोरीचं पांघरूण घ्यायला वर चढला. तोल सांभाळायला त्याने भिंतीवर हात टेकला आणि हात मनगटापर्यंत आत गेला.

त्याने तो तक्ता टराटरा फाडून काढला. आत वरपासून खालपर्यंत काळी बुरशी होती. मी त्याच्यासमोर तसाच उघडा पडलो होतो आणि तो टकरला छातीशी धरून जमिनीवर बसला होता.

डार्लीन लांबचा प्रवास करून आली. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने ते बघितलं. मग टाच उचलून जमिनीवर आपटली. टाच रुतली.

"इथेच मारली नव्हती मी," ती म्हणाली.

"पोर झोपली होती, ममा."

"उठवायला हवी होती. रडली असती थोडी." एवढं बोलून ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

जोसी वाचली. पण तिच्या छातीचं जे गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून ती ओक्लाहोमात डार्लीनच्या घरी असते, केल्सी आणि टकरही तिथेच. क्लेटन पुन्हा एकटा. मला विकण्याआधी तो माझ्या पायरीवर बसून घरी फोन करायचा. एकदा भुरभुर सुरू होती.

"जोसी, इथे पाऊस पडतोय बघ," तो म्हणाला. "दिवसभर मोकळा आहे मी."

पलीकडून बराच वेळ नुसती श्वासाची घरघर ऐकू आली. मग ती म्हणाली, "मॅमॉकडे ऊन आहे," आणि तिने फोन आईकडे दिला. त्यानंतर पावसाबद्दल तिने कधीच विचारलं नाही.

क्लेटनने मला या आवारात आणून सोडलं तेव्हा इथल्या माणसाला सगळं सांगितलं, तो काळा कोपरा दाखवला. "हा मोडीतच काढा. यात लेकरं झोपवू नका," असं दोनदा बजावलं. माणूस म्हणाला, "अर्थात, साहेब." आठवडाभरात माझ्या कोपऱ्यावर नवा तक्ता बसला. या खेपेला पिवळ्या चांदण्यांचा.

आणि आज हे दोघं आले. नवराही पाइपलाइनवरचाच, त्यांना एक मुलगा आणि एक तान्ही मुलगी. म्हातारं माणूस बरोबर कुणी नाही, पण खेळ कुणाकडून तरी ऐकून आलेले. बापाने दार लावलं आणि म्हणाला, "समजा, पाऊस पडतोय." पोरगा, ईलाय त्याचं नाव, धावत मागच्या खोलीत गेला आणि वरच्या बर्थवर चढला. तो काही झोपला नाही. द्वाड आहे. एकेका चांदणीवर बोट ठेवत गेला आणि कोपऱ्यातल्या चांदणीपाशी थांबला.

"मम्मी, ही भिंत मऊ आहे."

आई दारातून म्हणाली, "हात लावू नकोस रे. अजून आपली नाहीये."

त्याने बोट काढून घेतलं, ते नाकाशी नेऊन हुंगलं आणि चड्डीला पुसलं.

तुम्ही आत आलाच आहात तर एवढं करा. मागे जा, वर चढा, कोपऱ्यातली ती चांदणी दाबा. मग दारात उभं राहून मोठ्याने हाक मारा, काय वाटेल ते ओरडा. मला मोडीत काढलं तर मी सुखाने जाईन. मी खूप ऐकून ठेवलंय, त्यात आणखी एका लेकराचा खोकला नको.

लवकर करा. ऑफिसचं दार उघडलंय. बापाच्या हातात किल्ली आहे, आणि ईलाय सगळ्यांच्या पुढे पळत येतोय, वरची जागा आपली म्हणत.